सुई लाल पट्ट्यात गेली तर

मागच्या महिन्यात सीताखांडीच्या उतारावर मी एक गाढवपणा केला. नांदेडहून भोकरला परतत होतो, वेग ८०च्या आसपास. पुढे उसाची ट्रॉली दिसली म्हणून पाचव्यावरून चौथा गिअर टाकायला गेलो आणि पडला दुसरा. क्लच सोडताच डिझेल इंजिन असं किंचाळलं की बायकोनं डॅशबोर्ड घट्ट धरला. इंजिनाच्या फेऱ्यांची सुई लाल पट्ट्याच्या पार. क्लच दाबून गाडी कडेला घेतली, चावी बंद केली.

पहिली तपासणी इंजिनाची नव्हे, स्वतःची. माझी नाडी ११०च्या वर, बोटं थरथरत होती. हा धसक्याचा परिणाम, सावलीत बसलं की दहा-पंधरा मिनिटांत उतरतो. तोवर स्टिअरिंगला हात लावू नये. मात्र छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटलं, कळ जबड्यात किंवा डाव्या हातात गेली, थंड घाम फुटला, तर पंधरा मिनिटंसुद्धा थांबू नका, लगेच १०८ला फोन करा. ‘घाबरलो असेन’ म्हणत घरी जाऊन झोपलेले रुग्ण मी पाहिलेत. मधुमेह असेल तर छातीत न दुखताही झटका येऊ शकतो, तेव्हा नुसता दम लागला तरी ईसीजी काढावा.

मग मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, सेल्फ मारू नका. अन् मी आल्याबिगर झाकण खोलू नका.” दोन्ही सल्ले माझ्या धंद्याच्या कामाचे निघाले.

सेल्फ का मारायचा नाही? पाय ॲक्सिलरेटरवर दाबून धरला तर आजच्या गाड्यांतला कॉम्प्युटर ठरावीक फेऱ्यांनंतर इंधन तोडतो. पण चुकीच्या गिअरमध्ये इंजिनाला इंधन फिरवत नाही, चाकं फिरवतात. तिथं कॉम्प्युटर काय करणार? फेऱ्या दुप्पट झाल्या की पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा ताण चौपट होतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला वेळेत मिटायला सवड मिळत नाही, आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर खालून पिस्टन येऊन आदळतो. व्हॉल्व्ह केसभर वाकला तरी सीटवर नीट बसत नाही. टायमिंगचा पट्टा एखादा दात सरकला असेल, तर पुन्हा सेल्फ मारणं म्हणजे मोडक्या पायावर रुग्णाला चालवून बघणं.

दुसरा सल्ला झाकणाचा. रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि वाफ सरळ तोंडावर येते. उन्हाळ्यात असा एक तरी चेहरा माझ्याकडे येतोच, बहुतेक वेळा टूथपेस्ट फासलेला. ती खरवडून काढताना त्या माणसाला जे सोसावं लागतं ते बघवत नाही. भाजलेल्या जागेवर साधं वाहतं पाणी धरा, २० मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नको, हळद नको, शाई नको. अंगठी, घड्याळ सूज येण्याआधी काढा. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या उघड्या धरून धुवत राहा आणि तडक दवाखाना गाठा. इंजिन पूर्ण गार व्हायला तास-दीड तास लागतो, तेवढा जाऊ द्यावा. बोनेट उघडताना गळ्यातलं उपरणं, ओढणी काढून ठेवा, कारण रेडिएटरचा विजेवरचा पंखा चावी बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

गाडी ओढून गॅरेजात नेली. मिस्त्रीनं आधी गेजची पट्टी काढून तेल पांढऱ्या फडक्यावर पुसलं. त्यात चमचम दिसली असती तर बेअरिंग गेलं असं समजायचं. ती नव्हती. इंजिन हातानं दोन फेरे फिरवून कुठं अडत नाही हे बघितलं, मगच चालू केलं. चालू झालं, पण मिसिंग होतं. कॉम्प्रेशन मोजलं तेव्हा तीन सिलिंडर सारखे आणि तिसऱ्या क्रमांकाचा फारच खाली. मग त्यात पंपानं हवा भरून त्यानं ठिकठिकाणी कान दिला. तेलाच्या तोंडाशी फुसफुस आली असती तर रिंगा, हवेच्या पाइपात आली असती तर इनटेक व्हॉल्व्ह. ती आली सायलेन्सरमधून, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. हेड खोलल्यावर तोच वाकलेला निघाला. व्हॉल्व्ह नवा, सीट घासून घेतली, गॅसकेट नवं. आठ दिवस मी एसटीनं फिरलो.

त्या गॅरेजात एका गोष्टीवरून आमचं वाजलं. बाहेर पाऊस, म्हणून पोरानं शटर ओढलं आणि इंजिन चालूच. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, पाय गळतात, माणसाला वाटतं उपाशी असल्यानं होतंय. कोरोनात घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर इथं फसवतो, विषबाधा झालेली असतानाही ९८ दाखवू शकतो. आकड्यावर जाऊ नका. माणसाला उघड्यावर आणा आणि ऑक्सिजन असलेल्या दवाखान्यात न्या.

डिझेलवाल्यांना आणखी एक. टर्बोचं सील गेलं तर इंजिन स्वतःचंच तेल पिऊन चढत जातं आणि चावी काढली तरी थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडा, बंद पडेल. तेही जमलं नाही तर लांब व्हा. हवेच्या तोंडावर तळहात ठेवायला जाऊ नका.

मिस्त्री इंजिनावर लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायचा, आणि त्याला टॅपिटचा बारीक आवाजही कळायचा. माझं बोलणं मात्र तीनदा सांगावं लागायचं. शनिवारी त्याला दवाखान्यात बोलावलं. ट्यूनिंग फोर्क कानासमोर धरला तर नीट ऐकू येईना, हाडावर टेकवला की यायचा. दोन्ही कानांतून मळाचे बोळे निघाले. ऐकणं सुधारलं, पण ऑडिओमेट्रीत बारीक, उंच आवाज गेलेलेच दिसले. ती तीस वर्षं रेस केलेल्या इंजिनांची कमाई, ती परत येत नाही. ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास म्हणजे कानाची झीज. इअरप्लग दिले तर म्हणाला, “हे घातल्यावर इंजिन कसं ऐकू?” मी त्याला ते घालायला लावून फोर्क पुन्हा हाडावर टेकवला. आवाज पहिल्यापेक्षा मोठा आला.