ट्रॅक्टर शिकताना : क्लच, गिअर आणि उतार

घरी ट्रॅक्टर आला की घरातील एखादा तरुण चार-आठ दिवसांत तो चालवू लागतो. शिकविणारा बहुधा शेजारचाच एखादा अनुभवी चालक असतो. तो ट्रॅक्टर सुरू करणे, नांगर जोडणे, तासाच्या टोकाला वळविणे हे सारे दाखवितो. भरलेली ट्रॉली घेऊन उतार कसा उतरावा, हे मात्र बहुतेक वेळा सांगायचे राहून जाते. सपाट रानात त्याची गरज पडत नाही. ती पडते पुढे, गळीत हंगामात ऊस भरून ओढ्याच्या उतारावर आल्यावर, आणि त्या वेळी शिकण्यास सवड नसते. म्हणून क्लच आणि गिअर यांचे काम नीट समजून घेऊन मगच ट्रॉली जोडावी.

क्लच म्हणजे काय

इंजिन एकदा सुरू झाले की फिरतच राहते. चाके मात्र कधी फिरायला हवीत, कधी थांबायला हवीत. या दोहोंमधील सांधा म्हणजे क्लच. पेडल वर असताना क्लच प्लेट इंजिनच्या फ्लायव्हीलवर घट्ट दाबलेली असते व इंजिनची शक्ती गिअरबॉक्समधून चाकांकडे जाते. पेडल दाबले की प्लेट सुटी होते आणि शक्ती तुटते. पेडल सोडताना मध्ये एक जागा अशी येते की तेथे प्लेट घसरत घसरत पकड घेऊ लागते. इंजिनचा आवाज किंचित जड होतो व ट्रॅक्टर हलू लागतो. ही जागा पायाला ओळखता आली की निम्मे शिकणे झाले.

क्लच दाबताना झटकन दाबावा, सोडताना सावकाश सोडावा. झटकन सोडल्यास ट्रॅक्टर उडी घेतो. मागची चाके चिखलात रुतलेली असताना जास्त रेसवर क्लच एकदम सोडला, तर प्रकार याहून गंभीर होतो. चाक फिरू शकत नाही, म्हणून इंजिनची शक्ती ट्रॅक्टरचे पुढचे तोंडच वर उचलते व ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. हे इतक्या लवकर घडते की चालकाला विचार करायला वेळ मिळत नाही. ट्रॉली किंवा ओंडका ओढताना साखळी ड्रॉबारपेक्षा वरच्या ठिकाणी, विशेषतः टॉप लिंकच्या जागी अडकविली असेल, तर धोका आणखी वाढतो. रुतलेला ट्रॅक्टर शक्यतो उलट्या गिअरमध्ये मागे घेऊन काढावा, नाही तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढावा.

काम चालू असताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची सवय अनेकांना असते. त्याने प्लेट थोडी थोडी घसरत राहते, तापते आणि लवकर झिजते. क्लच प्लेट बदलण्यासाठी बहुतेक ट्रॅक्टर मधोमध वेगळा करावा लागतो. प्लेटच्या किमतीपेक्षा ही मजुरी आणि ऐन हंगामात बुडालेले दिवस अधिक महाग पडतात. पेडलला जो थोडा मोकळा खेळ ठेवलेला असतो, तो पुस्तिकेत दिल्याप्रमाणे आहे का हे अधूनमधून तपासावे.

दुहेरी क्लच असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पेडल अर्धे दाबल्यास फक्त चाकांची शक्ती तुटते, पीटीओ फिरतच राहतो. पूर्ण दाबल्यावरच पीटीओही सुटतो. रोटाव्हेटर चालविणाऱ्याने हा फरक पायाला नीट समजेपर्यंत एकट्याने काम करू नये. पात्यांत अडकलेले गवत काढायचे असल्यास क्लच दाबून धरण्यावर कधीही विसंबू नये. पीटीओची दांडी न्यूट्रलमध्ये घ्यावी आणि इंजिन बंद करूनच खाली उतरावे.

मोटारीची सवय आणि ट्रॅक्टर

ज्यांना मोटार किंवा जीप चालविता येते, ते ट्रॅक्टर लवकर शिकतात, पण एक सवय त्यांना सोडावी लागते. मोटारीत पहिल्या गिअरपासून सुरुवात करून वेग वाढेल तसा गिअर बदलत जातात. ट्रॅक्टरमध्ये कामाला योग्य असा गिअर आधी ठरवून, तोच टाकून निघायचे असते. नांगरटीचा गिअर वेगळा, पेरणीचा वेगळा. आपल्याकडील अनेक ट्रॅक्टरांना ८ पुढचे व २ उलटे गिअर असतात. म्हणजे एका दांडीवर चार पुढचे व एक उलटा, आणि दुसऱ्या दांडीवर हाय व लो. हाय-लोची दांडी ट्रॅक्टर पूर्ण थांबल्याशिवाय हलवू नये. मुख्य गिअर चालत्या ट्रॅक्टरमध्ये बदलावेत की नाही, हे गिअरबॉक्सच्या प्रकारावर अवलंबून असते. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत काय म्हटले आहे ते पाहावे, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून ठरवू नये. गिअर खरखरत असेल तर बळ लावून बसवू नये.

दुसरा फरक ब्रेकचा. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकासाठी वेगवेगळे पेडल असते. शेतात आखूड वळण घेण्यास ते सोयीचे असते. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडले खिट्टीने जोडलेलीच हवीत, नाही तर एकाच बाजूचा ब्रेक लागून ट्रॅक्टर आडवा होतो.

पहिले आठ दिवस

सपाट, मोकळे, पडीक रान निवडावे. शिकणाऱ्याला इंजिन बंद कसे करायचे हे सर्वांत आधी शिकवावे. सुरू कसे करायचे हे नंतर. बैठक अशी सरकवावी की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. चिखलाने भरलेल्या किंवा सैल चपला पायात नकोत. प्रथम इंजिन बंद ठेवून क्लच, ब्रेक व दांड्या यांचा सराव करावा. मग लो पहिल्या गिअरमध्ये, कमी रेसवर, निघणे आणि थांबणे एवढेच करावे. जमिनीवर फक्कीची रेघ मारून पुढचे चाक नेमके रेघेवर थांबवून पाहावे. हे कंटाळवाणे वाटते खरे, पण पायाला नेमकेपणा त्यानेच येतो. शिकविणाऱ्याने मडगार्डवर बसू नये. चाकांपासून दूर, चालकाला दिसेल अशा जागी उभे राहून हाताने खुणा कराव्यात. रिकामी ट्रॉली मागे घेण्याचा सराव शेवटी ठेवावा. दोन चाकी ट्रॉली मागे घेताना ट्रॉलीचा मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा, त्याच्या उलट बाजूला स्टिअरिंग फिरवून सुरुवात करावी लागते.

रस्त्यावर येण्यापूर्वी परवाना हवा. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ७,५०० किलोपर्यंत विनाभार वजनाचा ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनांत मोडतो आणि चालकाचे वय १८ वर्षे पूर्ण लागते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे कौतुक म्हणून त्याच्या हाती ट्रॅक्टर देणे बंद झाले पाहिजे.

उतार

आता मुख्य मुद्दा. उतार लागला की गिअर न्यूट्रलमध्ये टाकून किंवा क्लच दाबून ट्रॅक्टर सोडून द्यायचा, असे अनेक चालक करतात. त्यामुळे डिझेल वाचते असा समज आहे. हा समज चुकीचा आहे. ट्रॅक्टरच्या इंजिनवर गव्हर्नर असतो. गिअरमध्ये राहून, रेस पूर्ण कमी करून उतार उतरताना चाकेच इंजिनला फिरवितात. इंजिनचा वेग नेमलेल्या वेगापेक्षा वाढतो आणि गव्हर्नर डिझेल जवळजवळ तोडून टाकतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. म्हणजे बचत काहीच नाही, आणि इंजिनचा जो मोठा आधार असतो तो मात्र जातो.

गिअरमध्ये असलेले इंजिन चाकांना मागे धरून ठेवते. गिअर जितका खालचा तितकी ही धरण्याची शक्ती अधिक. न्यूट्रलमध्ये सारा भार फक्त ब्रेकवर येतो. ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपासचा, तर मागची भरलेली ट्रॉली त्याच्या दुप्पट-तिप्पट वजनाची, आणि अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. अशा वेळी ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलू लागते, वळणावर तिरकी करते, प्रसंगी उलटविते. वेग दुप्पट झाला की थोपविण्यासाठी ब्रेकला चौपट काम करावे लागते, हेही लक्षात घ्यावे.

म्हणून उताराच्या माथ्यावर, सपाटीवर असतानाच थांबावे. ज्या गिअरमध्ये हा चढ भरलेल्या ट्रॉलीसह चढता येईल, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरावे. एकदा उतरू लागल्यावर गिअर बदलू नये आणि क्लचला पाय लावू नये. वेग वाढतो असे वाटल्यास गिअर तसाच ठेवून ब्रेक टप्प्याटप्प्याने दाबावा. अगदी थांबण्याच्या बेतात आल्यावरच क्लच दाबावा. चुकून न्यूट्रलमध्ये उतरायला लागलाच, तर गिअर शोधत बसू नये. वेगात तो पडत नाही आणि लक्ष रस्त्यावरून उडते. जोडलेले ब्रेक सारखे, टप्प्याटप्प्याने दाबून ट्रॅक्टर सरळ ठेवावा व चढाच्या बाजूच्या बांधाला किंवा मोकळ्या रानात घालावा.

चढावर थांबून पुन्हा निघताना ब्रेक दाबलेला ठेवून लो पहिला गिअर टाकावा, रेस थोडी वाढवावी, क्लच पकड घेऊ लागला की ब्रेक हळूहळू सोडावा. या वेळी पुढची चाके हलकी वाटली किंवा स्टिअरिंग सैल लागले, तर ट्रॉलीतील भार मागच्या चाकांवर जास्त येत आहे असे समजून लगेच थांबावे. भार कमी करावा किंवा पुढे वजने लावावीत.

उतारावर ट्रॅक्टर उभा करावा लागलाच तर इंजिन बंद करून, तोंड चढाकडे असल्यास पहिला व उताराकडे असल्यास उलटा गिअर टाकून ठेवावा, हँडब्रेक लावावा आणि ट्रॉलीच्या चाकांना उताराच्या बाजूने दगड किंवा लाकडी ओंडके लावावेत. पुन्हा निघताना चालक बैठकीवर बसून, ब्रेकवर पाय ठेवून, ट्रॅक्टर सुरू करून गिअरमध्ये घेतो तोवर ते दगड हलवू नयेत. काढणाऱ्यानेही चाकासमोर न वाकता बाजूने काढावेत.