दार बंद होतंय का, ते आधी बघ

पोरी, अग्निरोधक दारं तपासायचं शिक्षण तू घ्यायला निघालीस हे ऐकून बरं वाटलं. पंप, हायड्रंट, स्प्रिंकलर यांच्याभोवती सगळे घुटमळतात. ते चालू केले की पाणी उडतं आणि फोटो चांगला येतो. दार बिचारं गप्प उभं असतं, म्हणून तपासणीत त्याच्या वाट्याला एक नजर आणि कागदावर एक बरोबरची खूण येते. या धंद्यात केस पिकल्यावर जे कळलं, ते तुला सांगून ठेवतो. पुस्तकातलं पुस्तकात सापडेलच.

धूर डोळ्यांपुढे ठेव

ज्वाला दिसण्याच्या आधी धूर पोचतो. कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात 9 डिसेंबर 2011 च्या पहाटे आग तळघरात लागली होती. माणसं गेली ती वरच्या मजल्यांवरच्या खाटांवर, गुदमरून. हा आकडा नव्वदच्या आसपास होता. दार हे त्या धुराला अडवण्यासाठी असतं. जिना आणि लॉबी अर्धा तास, तास, दोन तास श्वास घेण्याजोगे ठेवायचे, एवढंच त्याचं काम. आणि हे काम ते फक्त मिटलेलं असतानाच करतं. लाखभर रुपयांचं दार विटेच्या टेकूवर उघडं असेल, तर त्या रात्री तिथं नुसतं भगदाड आहे असंच समज. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: हे दार आपलं आपण बंद होतं का? बाकीचे सगळे प्रश्न त्यानंतर.

कागद वाचून मगच जिना चढ

दारावर हात ठेवण्याआधी त्याचं चाचणी प्रमाणपत्र माग. आपल्याकडचं मानक आयएस 3614. रुडकीच्या सीबीआरआयसारख्या प्रयोगशाळेत दार भट्टीला लावून जाळतात. दोन तासांत भट्टीतलं तापमान हजार अंशांच्या वर जातं. त्या वेळात ज्वाला पलीकडे आली का, हा एक निकष. दाराची पलीकडची बाजू किती तापली, हा दुसरा. प्रमाणपत्रात या दोन्हींची मिनिटं वेगवेगळी असू शकतात. नुसतं ‘120 मिनिटं’ वाचून थांबू नकोस, ती कशाची आहेत ते बघ.

आणखी एक. चाचणी झालेली असते ती चौकट, फळी, बिजागऱ्या, क्लोजर (दार आपोआप मिटवणारं यंत्र), कुलूप, काच आणि सील या सगळ्यांची मिळून. त्यातलं एक बदललं की तो कागद त्या दाराचा राहत नाही. मजबूत सागवानी दार म्हणजे अग्निरोधक दार, असं सोसायटीतले काका छातीठोक सांगतील. ऐकून घे, आणि कागद माग.

लेबल शोध

लेबल बहुधा बिजागरीच्या बाजूच्या कडेवर किंवा वरच्या कडेवर असतं. वरची कड बघायला खिशात छोटा आरसा ठेव. दिवाळीच्या रंगकामात लेबलवर हमखास ब्रश फिरतो. रंग खरवडून लेबल फाडू नकोस. ‘लेबल आहे, वाचता येत नाही’ अशी नोंद कर आणि सोसायटीकडून खरेदीचे कागद माग. लेबलही नाही आणि कागदही नाहीत, तर दार कितीही जाड असलं तरी तू त्याची हमी देऊ शकत नाहीस.

आधी कान, मग गेज

दार नव्वद अंशांत उघड आणि सोडून दे. मग तळहाताएवढं उघडून सोड. दोन्ही वेळा ते पूर्ण मिटायला हवं आणि कुलपाची जीभ खाचेत बसल्याचा ‘टक्’ ऐकू यायला हवा. पूर्ण उघडलेलं दार वेगाच्या जोरावर मिटतं, थोडं उघडलेलं दार मात्र अडकतं. क्लोजर दमलाय की नाही ते तिथं कळतं. क्लोजरच्या अंगावर तेलाचा ओघळ दिसला तर तो गेला असं समज. दार आपटतं म्हणून कुणीतरी क्लोजरचा दांडा काढून ठेवलेला असतो. तो बहुतेक वेळा वॉचमनच्या टेबलाच्या खणात सापडतो.

जिन्यात हवेचा दाब ठेवणारा पंखा असेल तर तो चालू करायला लाव आणि हीच चाचणी पुन्हा घे. पंखा बंद असताना गोडीगुलाबीनं मिटणारं दार दाबाखाली अर्धवट राहतं. कधी इतकं घट्ट बसतं की आजीबाईंना ओढता येत नाही. दोन्ही दोषच.

दोन फळ्यांचं दार असेल तर मिटण्याचा क्रम बघ. ज्या फळीला मधली फट झाकणारी पट्टी नाही ती आधी, पट्टीवाली नंतर. क्रम चुकला की पट्टी मध्ये येते आणि बोटभर फट राहते. हा क्रम राखणारा छोटा दांडा वर बसवलेला असतो, तोच सर्वांत आधी तुटतो.

फट मोजायची, अंदाजायची नाही

वरची आणि दोन्ही बाजूंची फट साधारण 3 मिलिमीटर असावी. 2 ते 4 पर्यंत चालते, असा ब्रिटनमधल्या तपासनिसांचा प्रघात. तुझ्या समोरच्या दारासाठी अंतिम शब्द मात्र निर्मात्याच्या कागदाचा. खालच्या फटीची मर्यादा वेगळी असते, तीही तिथंच वाच. एकाच जागी मोजून उरकू नकोस. वर, मध्ये, खाली, दोन्ही अंगांना मोज. वर 2 आणि खाली 6 आलं तर दार लोंबलंय, म्हणजे आता बिजागऱ्यांकडे वळ.

बिजागरीचा प्रत्येक स्क्रू मोज. एक जरी नसेल तर लिही. वरळी किंवा नरिमन पॉइंटसारख्या समुद्राकाठच्या इमारतींत खाऱ्या हवेनं स्क्रूची डोकी गंजून गळतात. बिजागरीखाली काळी भुकटी साचलेली दिसली तर ती झिजत आली आहे. फळीला दोन्ही हातांनी धरून हलकेच वर उचलून बघ. खेळ असेल तर हाताला कळतो.

पट्टी आणि काच

चौकटीच्या किंवा फळीच्या कडेला खाचेत एक चपटी पट्टी असते, तिला इंट्युमेसंट पट्टी म्हणतात. साधारण दोनशे अंशांच्या पुढे ती फुगते आणि फट बुजवते. तोवरचा थंड धूर अडवायला ब्रशची किंवा रबराची पट्टी लागते. दोघींची कामं वेगळी. एक असली म्हणून दुसरी नाही तरी चालतं, असं नाही. पट्टी कुठे तुटली आहे, कुठे रंगानं चिकटली आहे, नवं कुलूप बसवताना कुठे कापून फेकली आहे, हे टॉर्च लावून सलग बघ.

दारातल्या काचेचा कोपरा बघ. अग्निरोधक काचेवर तिची खूण कोरलेली असते. मूळ काच फुटली की कोपऱ्यावरच्या दुकानातून साधी काच आणून बसवतात. ती काही मिनिटांतच तडकते आणि दाराला खिडकी पडते.

चौकटीमागे काय भरलंय

सर्वांत जास्त लपवाछपवी इथं चालते. चौकट आणि भिंत यांच्यातली पोकळी नीट भरलेली नसली तर आग दाराला वळसा घालून पलीकडे जाते. वरून सुबक पट्टी मारलेली असते आणि आत साधा पिवळा फोम, कधी सिमेंटच्या पिशवीचा कागद. तू तोडफोड करायची नाहीस. चौकटीवर बोटानं टकटक कर, पोकळ आवाज येतो का ऐक. शंका आली तर ‘उघडून पाहणं आवश्यक’ असं लिही. दाराच्या वरून इंटरनेटच्या वायरी गेल्या असतील तर त्यांचं भोकही तुझ्याच यादीत यायला हवं. विजेच्या डक्टची छोटी दारं विसरू नकोस. तिथं झाडू, बादल्या आणि जुनी रद्दी असते, आणि ठिणगीही तिथंच पडते.

दार अडवण्यासाठी आहे, कोंडण्यासाठी नाही

13 जून 1997 ला दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात 59 माणसं गेली, ती मुख्यतः धुरानं. बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. चोरीच्या भीतीनं जिन्याच्या दाराला कडी आणि टाळं लावणारी सोसायटी आजही भेटेल. बाहेर पडणाऱ्याला किल्ली शोधावी लागता कामा नये. पॅनिक बार (दाबला की दार उघडणारा आडवा दांडा) असेल तर तो एका हातानं आणि मग कमरेच्या धक्क्यानं दाबून बघ. पलीकडे चपलांचं कपाट, सायकल किंवा कुंड्या असतील तर दार उत्तम असूनही वाट बंदच.

जानेवारी वेगळा, जुलै वेगळा

महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक कायद्यानुसार मालकानं किंवा भोगवटादारानं दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचा फॉर्म बी घेऊन अग्निशमन विभागाला द्यायचा असतो. कोकणपट्टीत लाकडी दार जानेवारीच्या कोरड्या हवेत आकसतं आणि फट वाढते. जुलैत तेच फुगून चौकटीला घासतं आणि अर्ध्यावर थांबतं. त्यामुळे जानेवारीचे आकडे जुलैत उतरवून काढायचे नाहीत. दोन्ही ऋतूंचे आकडे शेजारी शेजारी ठेवलेस तर दाराची चाल कळेल. सुतारानं जुलैत कड तासून ‘दुरुस्त’ केलेलं दार पुढच्या जानेवारीत 5 मिलिमीटरची फट दाखवतं, हेही ध्यानात ठेव.

माणसांशी बोल

दाराचा खरा इतिहास झाडूवाल्या मावशींना आणि रात्रपाळीच्या वॉचमनला ठाऊक असतो. चेअरमनला विचारशील तर ‘दार कायम बंदच असतं’ असं उत्तर मिळेल. मावशी सांगतील, सकाळी कचरा काढताना वीट लावतात ती संध्याकाळपर्यंत तशीच असते. कुणाला दटावू नकोस. ते दार दिवसातून पन्नास वेळा कुणाच्या तरी कामाच्या आड येतं म्हणून उघडं राहतं. अशा ठिकाणी आगीच्या अलार्मला जोडलेला चुंबकी होल्डर सुचव. एरवी दार उघडं राहतं, अलार्म वाजला की सुटून मिटतं. 14 एप्रिलपासूनच्या अग्निशमन सप्ताहात सोसायटीत कवायत असेल तर जाऊन उभी राहा. माणसं दारं कशी वापरतात ते तिथं दिसतं.

इतरांकडून काय घ्यायचं

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 ला 72 जीव गेले. भिंतीवरच्या आवरणाची चर्चा सर्वांत जास्त झाली. पण चौकशीच्या 2019 च्या अहवालानं फ्लॅटच्या दारांवरही बोट ठेवलं: कुठे क्लोजर नव्हते, कुठे होते ते चालत नव्हते. त्यानंतर इंग्लंडमध्ये जानेवारी 2023 पासून 11 मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींत सामाईक दारं दर तीन महिन्यांनी आणि फ्लॅटची दारं वर्षातून एकदा बघायचा नियम आला. दारं तपासण्याची स्वतंत्र पदविका तिथं आहे. अमेरिकेचं एनएफपीए 80 हे मानक वर्षाला एकदा, मुद्द्यांची यादी हातात घेऊन तपासणी सांगतं. त्या याद्या मिळवून वाच. आपल्याकडे मात्र राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग पाठ हवा. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातून शिकून आलेल्यांशी ओळख ठेव. आणि एकदा तरी सुताराबरोबर दिवसभर राहून दार बसवायला हात लाव. ज्यानं दार बसवताना पाहिलंय, त्याला ते कुठे बिघडणार हे आधीच कळतं.

अहवाल आणि सही

प्रत्येक दाराला क्रमांक दे: विंग, मजला, बाजू. ‘ठीक’ हा शब्द अहवालातून हद्दपार कर. ‘बी विंग, सातवा मजला, जिना: बिजागरीकडे वर 3, खाली 7 मिलिमीटर, मधल्या बिजागरीचा एक स्क्रू नाही, क्लोजर तळहाताएवढ्या उघडीवरून मिटत नाही’ असं लिही. फोटोत दाराचा क्रमांक दिसू दे. कुलूप होतं, कुणी उघडलं नाही, तर ‘पाहता आलं नाही’ हेच लिही. आज रात्री जीवावर बेतेल असा दोष वेगळा काढून त्याच दिवशी लेखी कळव, अहवालाची वाट बघू नकोस. तपासता तपासता स्क्रू आवळलास तर आधी काय होतं आणि तू काय केलंस, दोन्ही लिही.

दारं विकणारा आणि तपासणारा एकच असू नये. ‘करा हो सही, पुढच्या मीटिंगमध्ये बघू’ असं म्हणणारे सेक्रेटरी भेटतील. चहा घे, सही देऊ नकोस. त्यांना शांतपणे सांग की दारं सुस्थितीत ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराचीच आहे, तुझ्या सहीनं ती टळत नाही.

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं. ज्या दाराला तू स्वतः हात लावला नाहीस, त्याच्यापुढे बरोबरची खूण करू नकोस. एवढं एक पाळलंस तर बाकीचं सगळं शिकता येईल.