अबोल भाचा

प्रश्न : बापाचा मार खाऊन वाढलेला माझा 15 वर्षांचा भाचा हल्ली अबोल व चिडखोर झाला आहे. हे त्याचेच फळ काय?

उत्तर : संभव मोठा आहे. जेथे आश्रय मिळावयाचा त्या घरातच भय नांदत असले, म्हणजे मुलाचे शरीर अहोरात्र संकटाच्या पवित्र्यात राहते, आणि त्याहून घातक म्हणजे, ‘दोष माझाच’ असा निवाडा मूल स्वतःविरुद्ध, कोणतीही दाद-फिर्याद न होता, कायम करून टाकते. फेलिटी व अँडा यांच्या 1998 च्या अमेरिकेतील संशोधनात असे आघात वाढतील तसा प्रौढपणीच्या विषादाचा धोकाही वाढलेला दिसला. कुमारवयात विषाद पुष्कळदा चिडचिडीच्या वेषात येतो (आणि आपण त्यास उद्धटपणा म्हणतो!). उपदेश आवरा, मानसोपचारतज्ज्ञास दाखवा. मरणाची भाषा निघाल्यास मात्र एकटे न सोडता त्याच दिवशी. 14416 ही मानसिक आरोग्याची शासकीय दूरध्वनिसेवा अहोरात्र विनामूल्य आहे.