आकाशाचा अभ्यास आणि आपली मुले

पालावर झोपलेल्या ऊसतोड मजुराच्या मुलाला रात्री जेवढे तारे दिसतात, तेवढे मुंबई-पुण्याच्या मुलाला दिसत नाहीत. तरीही खगोलशास्त्र हे आपले क्षेत्र नव्हे, असे बीड जिल्ह्यातील अनेक पालक समजतात. हा समज दूर व्हावा, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्रथम हे स्पष्ट करू की, राशिभविष्य व ग्रहपीडा म्हणजे खगोलशास्त्र नव्हे. परंपरेने चालत आले म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. वैज्ञानिकही हेच करतो.

हे काम आता मराठवाड्यातच येत आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या काटकोनातील दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. दूर अंतराळात दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली म्हणजे गुरुत्वीय लहरी उठतात. त्यांच्यामुळे भुजांच्या लांबीत अणुकेंद्रकाहूनही सूक्ष्म फरक पडतो. तो लेसरने मोजायचा. अशा लहरी प्रथम २०१५ साली अमेरिकेत नोंदल्या गेल्या. या कामास पदार्थवैज्ञानिक लागतात, तसेच वेल्डर, इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ व संगणक जाणणारेही लागतात.

या क्षेत्रात जाण्याच्या वाटा पुढीलप्रमाणे आहेत :

१) नववीच्या विद्यार्थ्यांसाठी इस्रोने २०१९ पासून 'युविका' हा कार्यक्रम सुरू केला. निवडीत गावातील शाळेच्या विद्यार्थ्यांना जादा गुण मिळतात.

२) दहावीनंतर आय.टी.आय. केलेल्यांना इस्रोत तंत्रज्ञ, तर प्रथम श्रेणीत अभियांत्रिकी पदविका मिळविणाऱ्यांना तांत्रिक सहायक म्हणून अर्ज करता येतो. जागा निघतील तेव्हा जाहिरातीत आपला ट्रेड पाहावा.

३) बारावीनंतर जे.ई.ई. अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षेतून तिरुअनंतपुरमच्या भारतीय अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत प्रवेश मिळतो. ही संस्था २००७ साली स्थापन झाली.

४) ज्यांना संशोधन करावयाचे आहे, त्यांनी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून प्रवेश परीक्षा द्यावी. डॉ. जयंत नारळीकर संस्थापक-संचालक असलेली पुण्याची 'आयुका' १९८८ पासून कार्यरत आहे. नारायणगावजवळ खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी आहेत.

आय.टी.आय. व पदविकेच्या वाटेवर गणित उपयोगी पडते. तिसऱ्या व चौथ्या वाटेवर तर त्यावाचून भागत नाही. अकरावीला गणित सोडले की त्या दोन्ही वाटा बहुधा बंद होतात. आपली हुशार मुले अवघड वाटते म्हणून किंवा शिकवणीला पैसे नाहीत म्हणून गणित सोडतात, हे आम्ही वारंवार पाहतो. पैशाअभावी शिक्षण सोडू नये. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, पीएच.डी.साठी 'बार्टी'ची अधिछात्रवृत्ती आणि परदेशासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती या योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहेत. जातीचा व उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवावा.

सभासदांना आमची विनंती आहे. दहावीचा निकाल लागताच वस्तीतील प्रत्येक मुलामुलीने अकरावीला कोणते विषय घेतले, याची चौकशी करा. दिवाळीच्या सुमारास आईवडील कारखान्यावर जाताना मूल गावीच शिकत राहील, अशी सोय करा. बाबासाहेबांनी शिक्षणास प्रथम स्थान दिले. ते आपल्या घरी आजही प्रथम आहे काय, हे त्या दिवशी कळते.