पुढच्या चाकाचा आवाज: आधी ऐका, मग पाकीट काढा

पनवेलहून जुनी गाडी घेतली, चिरनेरला आणली आणि पुढच्या चाकातून कुईकुई सुरू झाली, तर लगेच पार्ट बदलायला सांगू नका. आवाज नेमका कधी येतो ते पाहा. खर्च त्यावरच ठरतो. इथले आकडे वॅगन आर, स्विफ्टसारख्या गाड्यांचे, बाहेरच्या गॅरेजमधले आणि अंदाजे आहेत.

पावसात रात्रभर उभी गाडी सकाळी करकरली आणि चार-पाचदा ब्रेक मारल्यावर गप्प झाली, तर तो डिस्कवरचा गंज. खर्च शून्य. उरणच्या कंटेनर रस्त्यांवरची खडी डिस्क आणि मागच्या पत्र्यात अडकली, तर कर्कश खरवड ऐकू येते. चाक उतरवून खडा काढायचे शे-दोनशे रुपये.

चालताना बारीक शिट्टी आणि ब्रेक दाबताच ती थांबते? मग पॅडवरची पत्र्याची पट्टी डिस्कला घासतेय. पॅड संपत आल्याचं सांगायलाच ती पट्टी बसवलेली असते. चाक काढायला लावा आणि स्वतः वाकून बघा: पॅडचा मसाला 3 मिलिमीटरच्या आत आला असेल तर दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदला. सेट 1000 ते 1800, मजुरी 300 ते 500. मसाला जाड असूनही ओरडत असतील, तर सफाई आणि कॅलिपरच्या पिनांना ग्रीस एवढ्यावर भागतं. तरीही नवा सेट गळ्यात मारणारे भेटतातच.

खरी चिंता बेअरिंगची. वेगाबरोबर घूं-घूं वाढते. उजवीकडे वळताना जोर आला तर बहुतेक डावं बेअरिंग गेलेलं असतं. एका चाकाचे 1500 ते 3000. ‘प्रेस आहे का?’ हे आधी विचारा. हातोड्याने ठोकून बसवलेलं बेअरिंग फार टिकत नाही.

पूर्ण वळणावर कटकट म्हणजे ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट, 2500 ते 4500. रबरी बूट फाटल्याबरोबर बदलला असता तर हजाराच्या आत सुटला असता! स्पीड-ब्रेकरवरची कुरकुर बहुधा लोअर आर्मच्या बुशची. पूर्ण आर्म 1500 ते 2500, वर अलाइनमेंट.

सौदा व्हायचा असेल, तर ही तपासणी आधी करून तेवढी रक्कम किमतीतून वळती करून मागा. आणि जॅकवर घेतलेलं चाक वर-खाली हलवल्यावर खडखडलं, तर गाडी पनवेलपर्यंत चालवत नेऊ नका. मेकॅनिकलाच घरी बोलवा.