बैठक मारताना गुडघ्यांची ठेवण

समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब हे गाव आपल्या जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात आहे. बलोपासनेची परंपरा ज्या भूमीशी निगडित आहे, तेथील मुलांना साधी बैठक योग्य रीतीने मारता यावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. बैठका मारल्याने गुडघे दुखतात अशी तक्रार मुले करतात. परंतु दोष पुष्कळदा बैठकीचा नसून गुडघ्यांच्या ठेवणीचा असतो.

गुडघा हा मुख्यत्वे बिजागरीप्रमाणे पुढेमागे वाकणारा सांधा आहे. बाजूस वळण्यास त्याला फार थोडा वाव असतो. बैठक मारताना गुडघे आत झुकले, म्हणजे गुडघ्याची वाटी आपल्या खोबणीत सरळ सरकत नाही; ती बाहेरच्या बाजूस ओढली जाते व दुखू लागते.

म्हणून शिक्षकांनी पुढील क्रम ठेवावा. पावले खांद्यांइतकी दूर व चवडे किंचित बाहेर वळलेले असावेत. प्रथम ढुंगण मागे न्यावे, मग गुडघे वाकवावेत. पाठ ताठ व टाचा जमिनीस टेकलेल्या असाव्यात. खाली आदळू नये. आरंभी अर्धी बैठक व आठ-दहा आवर्तने पुरेत. शिक्षकाने समोर उभे राहून प्रत्येक गुडघा त्याच पायाच्या बोटांच्या दिशेत राहतो की नाही, हे पाहावे.

गुडघा बोटांच्या पुढे मुळीच जाऊ नये, हा प्रचलित नियम मात्र शब्दशः घेऊ नये. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघे पुढे जाण्यास अटकाव केला असता त्यांवरील ताण सुमारे पाचव्या हिश्श्याने घटला, परंतु खुब्याच्या सांध्यावरील ताण दसपटीहून अधिक वाढला. आपल्या आखाड्यातील बैठकीतही गुडघे पुढे जातातच.

दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांत वाटीच्या खाली, नडगीच्या उंचवट्यावर दुखणे आढळते. वाढत्या हाडावर मांडीच्या स्नायूंची ओढ पडल्याने ते होते. अशा मुलास बैठका व उड्यांपासून विश्रांती द्यावी. सूज असल्यास किंवा मूल लंगडत असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.

शेवटी उठाबशांविषयी. थकलेल्या मुलाचे स्नायू गुडघ्याची ठेवण सांभाळू शकत नाहीत, आणि शिक्षा भोगणाऱ्या मुलाला थांबताही येत नाही. २०१७ साली कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यात पाचशे उठाबशांची शिक्षा झालेल्या आठवीच्या विद्यार्थिनीस रुग्णालयात दाखल करावे लागले. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेस मनाई आहे. तरी मुख्याध्यापकांनी उठाबशांची शिक्षा आपल्या शाळेत कोणत्याही वर्गात दिली जात नाही याची खात्री करून घ्यावी, आणि बैठक केवळ व्यायामाच्या तासातच शिकवावी.