ढगांमागे धावणाऱ्या भाच्यास

पवनी, मे महिना

चि. बाबू यास अनेक आशीर्वाद.

काल बाजारात दूधवाल्याच्या पोरानं मोबाइलवर तुझा व्हिडिओ दाखवला. गोसेखुर्द धरणाजवळच्या मोकळ्या रानात तू कॅमेरा लावून उभा, मागं आभाळ काळंजांभळं. "नागपूरहून गाडीवर ढगांच्या मागं मागं आला होता," पोरगा कौतुकानं सांगत होता. मला भाजी घ्यायचं सुचलं नाही. तुझ्या आईला अजून बोललो नाही.

अमेरिकेत लोक वादळाचा पाठलाग करतात, हे तूच सांगितलं होतंस. टिम समारसचं नावही तुझ्याच तोंडून ऐकलं. एवढा जाणकार माणूस, पण 31 मे 2013 ला ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ तो, त्याचा मुलगा आणि सोबती तिघंही गेले. ते चारचाकीत होते, बाबू. तू मोटारसायकलवर!

आपल्याकडं भीती विजेची. उन्हाळी धान कापून झालं की बांध्यांमध्ये माणसाहून उंच काही उरत नाही. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. लखलखल्यावर तिसाच्या आत गडगडलं, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आली, म्हणजे तू तिच्या टप्प्यात आलास. पाऊस यायच्या आधीही ती पडते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घराबाहेर पाऊल टाकू नये.

ही मोजणी मी पुस्तकात नाही शिकलो. तुझा धाकटा मामा आणि मी, दोघांचा तो खेळ होता. त्या रोवणीच्या दिवशी बाया पऱ्हे टाकून घराकडं पळाल्या. तो म्हणाला, "दादा, जाऊ." मी म्हणालो, "थांब, एवढी एक बघू." तो मोहाखाली होता, मी चार पावलं पुढं धुऱ्यावर. मोजायला वेळच मिळाला नाही. त्याच्या मुठीत पऱ्ह्यांची पेंडी होती, हिरवीगार, मुळांना चिखल लागलेला. घरात सगळे एवढंच सांगतात, वीज पडून गेला. "थांब" मी म्हणालो होतो, हे फक्त तुझ्या आजीला ठाऊक होतं.

म्हणून त्या रानात उभा राहू नकोस. झाडाखाली तर नकोच नको. पुण्याच्या हवामान संस्थेचं दामिनी ॲप वीस आणि चाळीस किलोमीटरच्या घेऱ्यातल्या विजा दाखवतं. ढग शोधायला नाही, घर गाठायला ते उघड.

फार रागावून लिहिलं का रे? तो व्हिडिओ मी पोराकडून मागून घेतला. रात्री तीनदा पाहिला. ढगाच्या पोटातून फुटलेली ती फांदी काय सुंदर टिपलीस! तुझ्या मामाला फार आवडली असती.

रविवारी ये, पण एसटीनं. माडीवरच्या खोलीतलं सामान हलवून ठेवतो, बंद खिडकीच्या आतून दोघं मिळून बघू. मामीनं आंब्याची अढी घातली आहे. आणि तिकडं आभाळ भरून आलं की मला एक फोन कर. "मामा, घरात आहे," एवढंच सांग.

तुझा,
मामा